पद्मिनीची मिसिंग आणि फटाके

जुनी कार्बोरेटरची गाडी स्लोवर थरथरू लागली, मिस मारू लागली आणि फटाके फोडू लागली की हात पहिल्यांदा कार्बोरेटरच्या स्क्रूकडे जातो. बहुतेक वेळा तिथेच काम बिघडते. कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून बनलेली फियाट 1100 डिलाइट पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. तिच्या 1089 सीसीच्या साध्या इंजिनातही कार्बोरेटरचे वाटणारे दुखणे अनेकदा करंटचे निघते. म्हणून आधी करंट तपासावा, कार्बोरेटर शेवटी उघडावा.

फटाका कुठे फुटतो हे आधी ऐकावे. कार्बोरेटरच्या तोंडातून फुटला, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडत असण्याची शक्यता मोठी. असे मिश्रण सावकाश जळते. इनलेट व्हॉल्व्ह पुन्हा उघडेपर्यंत आग धुमसत राहते आणि ज्वाळा उलटी फिरते. इनलेट व्हॉल्व्ह नीट बसत नसला, टायमिंग चुकले असले किंवा प्लगच्या दोन वायरींची अदलाबदल झाली असली तरी हेच होते. पद्मिनीचा फायरिंगचा क्रम 1-3-4-2 आहे. फटाका सायलेन्सरमध्ये फुटत असेल, तर न जळलेले पेट्रोल तिथे पोहोचून पेटते आहे. एखादा सिलिंडर मिस होणे, मिश्रणात पेट्रोल जास्त असणे किंवा ठिणगी उशिरा पडणे ही त्याची नेहमीची कारणे. फक्त ॲक्सिलरेटर सोडल्यावर फटाके येत असतील, तर एक्झॉस्टच्या पॅकिंगमधून बाहेरची हवा आत जाते का तेही पाहावे.

मिस होणारा सिलिंडर शोधायला इंजिन स्लोवर ठेवून रबरी मुठीच्या पकडीने प्लगची एकेक वायर काढून लगेच परत बसवतात. चांगल्या सिलिंडरची वायर निघताच इंजिन आणखी दबते. ज्या वायरीने काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर दोषी. मग त्याचा प्लग पाहावा. फिकट तपकिरी टोक म्हणजे ठीक, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरे फटक म्हणजे कमी, आणि ओले तेलकट असेल तर दुखणे रिंगांचे किंवा व्हॉल्व्ह गाइडचे.

त्यानंतर डिस्ट्रिब्युटर. पॉइंटच्या एका टोकावर खड्डा आणि समोरच्या टोकावर उंचवटा दिसला, तर कंडेन्सरवर संशय घ्यावा. पॉइंट बदलून त्यांतले अंतर फीलर गेजने मॅन्युअलप्रमाणे बसवावे. अंतर बदलले की टायमिंगही बदलते, म्हणून टायमिंग नंतर. रात्री अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिन पाहणे ही जुन्या मेकॅनिकांची फार मोलाची रीत आहे. कॅपला केसाएवढी चीर असली तरी तिच्यावरून निळी रेघ पळताना दिसते. दिवसा तीच कॅप अगदी धडधाकट वाटते.

करंट ठीक असेल तर हवेची गळती शोधावी. कार्बोरेटरच्या बुडाशी आणि मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर साबणाचे पाणी शिंपडावे. इंजिनाचा सूर बदलला की गळती तिथेच. पेट्रोल मात्र कधीही शिंपडू नये, गरम एक्झॉस्ट वीतभर अंतरावर असतो. टॅपेट फार घट्ट असतील तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, त्यामुळे तेही याच वेळी पाहून घ्यावेत.

आता कार्बोरेटर. रेसवर बरी आणि स्लोवर वाईट चालणारी गाडी म्हणजे बहुधा कचऱ्याने तुंबलेला स्लो जेट. त्याचे भोक इतके बारीक असते की धुळीचा एक कण पुरतो. त्यात तार घालू नये, भोक मोठे होते. हवेच्या दाबाने फुंकावे. मग इंजिन चांगले तापवून मिश्रणाचा स्क्रू सावकाश फिरवावा, स्लो सर्वांत वर आणि एकसारखा लागेल तिथे थांबावे, आणि नंतर दुसऱ्या स्क्रूने वेग उतरवावा.

आजच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे एक भर पडली आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने त्याच जेटमधून मिश्रण पातळ होते, आणि नव्या गाड्यांप्रमाणे कार्बोरेटर ते आपोआप सावरू शकत नाही. शिवाय जुने रबरी पाइप आतून सुटतात आणि त्यांचा चुरा जेटमध्ये अडकतो. म्हणून पाइप इथेनॉल सोसणारे घालावेत आणि महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी व फ्लोटची वाटी रिकामी करून ठेवावी.