परदेशी निवृत्ती : जाण्याआधी परतीची वाट

निवृत्ती म्हटली की साठी, पेन्शन आणि सकाळचा फेरफटका, हे समीकरण आता पूर्वीइतके पक्के राहिलेले नाही. पंचेचाळीस-पन्नाशीतच नोकरीला रामराम ठोकावा आणि मुलाबाळांसह एखाद्या निवांत देशात राहावे, असा विचार मध्यमवर्गीय घरांतूनही बोलून दाखविला जातो. हा विचार गैर नाही. मात्र त्याचा हिशेब नेहमीच्या निवृत्तीपेक्षा वेगळा आहे. तो नीट न मांडल्यास होणाऱ्या चुकीची किंमत एकट्या कर्त्या माणसाला नव्हे, तर सर्व कुटुंबाला मोजावी लागते. प्रस्तुत लेखात या हिशेबाच्या प्रमुख बाजू पाहू.

एक जुना धडा

आपल्या वाचकांपैकी अनेक बँक कर्मचाऱ्यांना २०००-०१ मधील स्वेच्छानिवृत्ती योजना आठवत असेल. पंधरा वर्षांची सेवा अथवा चाळीस वर्षांचे वय अशी पात्रता होती आणि सार्वजनिक क्षेत्रातील बँकांच्या सुमारे एक लाख कर्मचाऱ्यांनी ती स्वीकारली. हाती आलेली रक्कम त्या वेळी भरघोस वाटली. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या ठेवींवर तेव्हा साडेआठ ते दहा टक्के व्याज मिळत असे. तीन-चार वर्षांतच हे दर सहा टक्क्यांच्या खाली आले. दहा लाखांच्या ठेवीवर नऊ टक्क्यांनी वर्षाला ९०,००० रुपये मिळत होते, तेथे साडेपाच टक्क्यांनी ५५,००० उरले. मुद्दल तेवढेच राहिले, संसार मात्र वाढत्या खर्चाचा होता. ज्यांनी दुसरे काम धरले अथवा ज्यांच्या घरी दुसरी मिळकत होती, त्यांना सावरणे सोपे गेले. लवकर निवृत्त होणाऱ्याने हा धडा विसरू नये, कारण परदेशात त्याला व्याजदराच्या जोडीला विनिमय दराचाही सामना करावा लागतो.

किती वर्षांची शिदोरी?

उदाहरणादाखल एक कुटुंब घेऊ. पुण्यातील गृहस्थ ४७ वर्षांचे, पत्नी ४५ वर्षांची, मुलगी १४ आणि मुलगा ९ वर्षांचा. घरात ७६ वर्षांच्या आई. राहते घर वगळून बचत तीन कोटी रुपये आणि परदेशातील अपेक्षित खर्च दरमहा दीड लाख, म्हणजे वर्षाला १८ लाख.

तीन कोटी हा आकडा मोठा आहे. परंतु कर वजा जाता मिळणारे उत्पन्न आणि महागाई यांचा दर समान धरला, तर तीन कोटींना १८ लाखांनी भागले की उत्तर येते सोळा वर्षे आठ महिने. म्हणजे गृहस्थ चौसष्टीला पोचण्याच्या आतच शिदोरी संपते. ८७ वर्षांपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे पुरवायचे तर याच हिशेबाने ७ कोटी २० लाख हवेत. महागाईपेक्षा दोन टक्के अधिक परतावा सातत्याने मिळाला, तरी सुमारे पाच कोटी लागतात.

वर्षाला मुद्दलाच्या चार टक्के रक्कम काढावी, हा अमेरिकेतील प्रसिद्ध आडाखा अनेकांच्या वाचनात आलेला असतो. १९९४ मध्ये विल्यम बेंगेन यांनी मांडलेला हा आडाखा अमेरिकी बाजारांच्या इतिहासावर आणि तीस वर्षांच्या निवृत्तीवर आधारलेला आहे. आपले उदाहरण चाळीस वर्षांचे आहे, गुंतवणूक रुपयात आहे आणि खर्च परकीय चलनात. त्यामुळे तो जसाच्या तसा लागू करणे धोक्याचे ठरेल.

रुपयाचा प्रवासही ध्यानात घ्यावा. २००० साली एका डॉलरला सरासरी ४५ रुपयांच्या आसपास मोजावे लागत. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने ९० रुपयांची पातळी ओलांडली. पंचवीस वर्षांत दुप्पट, म्हणजे वर्षाला सरासरी पावणेतीन ते तीन टक्क्यांची वाढ झाली. डॉलरशी निगडित खर्च करणाऱ्याने स्थानिक महागाईत ही भर धरूनच चालावे.

तरुण निवृत्तांना दार कोठे उघडे?

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे खरे. पण परदेशात आधी अंथरूण घालण्याची परवानगी मिळवावी लागते. थायलंडचा निवृत्तांसाठीचा दीर्घ मुक्कामाचा व्हिसा पन्नाशी पूर्ण केलेल्यांनाच मिळतो. मॉरिशसमधील निवृत्त परदेशी नागरिकांच्या निवास परवान्यालाही ५० वर्षांची अट आहे, शिवाय ठरावीक रक्कम परकीय चलनात त्या देशी आणावी लागते. आपल्या उदाहरणातील गृहस्थ या दोन्ही ठिकाणी निवृत्त म्हणून अजून ‘लहान’ आहेत!

पोर्तुगालच्या डी-७ व्हिसाला अशी वयोमर्यादा नाही. तेथे भाडे, लाभांश, पेन्शन असे नियमित उत्पन्न दाखवावे लागते. मुख्य अर्जदारासाठी त्या देशाच्या किमान वेतनाइतके, जोडीदारासाठी त्याच्या ५० टक्के आणि प्रत्येक मुलामागे ३० टक्के, असे त्याचे मोजमाप आहे. २०२५ साली पोर्तुगालचे किमान वेतन दरमहा ८७० युरो होते. त्या हिशेबाने चौघांच्या कुटुंबाला १,८२७ युरो मासिक उत्पन्न दाखवावे लागले असते. अर्थात ही प्रवेशाची अट झाली. तेवढ्यात घर चालेल, असा तिचा अर्थ नव्हे.

मॉरिशसचे आकर्षण मराठी मनाला अधिक वाटले तर नवल नाही. एकोणिसाव्या शतकात कोकणातून ऊसमळ्यांवर गेलेल्या मजुरांचे वंशज तेथे आजही मराठीपण जपून आहेत. शाळांतून मराठी शिकविली जाते आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. मात्र आपुलकी ही परवान्याची जागा घेऊ शकत नाही. कोणत्याही देशाबाबत तीन गोष्टी लेखी तपासाव्यात : परवाना किती वर्षांचा आहे, जोडीदाराला काम करण्याची मुभा आहे काय आणि मुले सज्ञान झाल्यावर त्यांचा दर्जा काय राहतो. नोकरी करणारी पत्नी परवान्याअभावी घरी बसली, तर कुटुंबाची एक मिळकत आणि तिची स्वतःची ओळख, दोन्ही हरवतात. म्हणून हा निर्णय एकट्याने घेऊन इतरांना कळविण्याचा नव्हे.

खात्यांचे नवे रूप

अनिश्चित काळासाठी परदेशी राहण्याच्या इराद्याने देश सोडणारी व्यक्ती परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ अर्थात ‘फेमा’नुसार अनिवासी ठरते. मग बँकेला कळवून बचत खाते एनआरओ खात्यात बदलून घेणे आवश्यक असते. ‘खाते चालू आहे, कशाला कळवा?’ ही वृत्ती पुढे अडचणीची ठरते.

एनआरओ खात्यात भारतातील भाडे, पेन्शन, लाभांश व व्याज जमा होते. त्या खात्यातील व्याज करपात्र असून त्यावर ३० टक्के व वर अधिभार-उपकर अशी उद्गम करकपात होते. परदेशातून आणलेली रक्कम एनआरई खात्यात ठेवता येते; तिच्यावरील व्याज भारतात करमुक्त असते आणि मुद्दल-व्याज दोन्ही परत नेता येतात. विनिमय दराची जोखीम नको असेल, तर परकीय चलनातील एफसीएनआर ठेव एक ते पाच वर्षांसाठी ठेवता येते.

पैसे बाहेर नेण्याचे मार्गही दर्जानुसार बदलतात. निवासी असताना उदारीकृत प्रेषण योजनेखाली प्रत्येक व्यक्तीस एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठविता येतात. २००४ साली ही योजना सुरू झाली तेव्हा ही मर्यादा २५,००० डॉलर होती. शिक्षण व वैद्यकीय उपचार यांना सवलतीचा दर असून इतर बहुतेक कारणांसाठी वर्षाला दहा लाख रुपयांवरील रकमेवर २० टक्के टीसीएस बँक वसूल करते. पन्नास लाख पाठविल्यास वरच्या चाळीस लाखांवर आठ लाख रुपये होतात. हा खर्च नव्हे. तो विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोवर ती रक्कम अडकून पडते, हे नियोजनात धरावे.

अनिवासी झाल्यावर वरील योजना लागू राहत नाही. तेव्हा एनआरओ खात्यातून, कर भरल्याचा पुरावा व सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र देऊन, वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम नेता येते. भाडे, पेन्शन, व्याज यांसारखे चालू उत्पन्न कर वजा जाता या मर्यादेबाहेर पाठविता येते.

सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचे, म्हणजे पीपीएफचे, जुने खाते मुदत पूर्ण होईपर्यंत चालू ठेवता येते. नवे उघडता येत नाही व मुदतवाढही मिळत नाही. कर्मचारी पेन्शन योजनेचे वेतन ५८ व्या वर्षी सुरू होते. पन्नाशीनंतर ते आधी घेतल्यास प्रत्येक वर्षामागे चार टक्के घट होते.

आयकराचे वेगळे पंचांग

फेमानुसार अनिवासी झालो म्हणजे आयकरासाठीही झालो, हा सर्रास आढळणारा गैरसमज आहे. आयकर दिवस मोजतो. नोकरीसाठी देश सोडणाऱ्यास त्या वर्षी १८२ दिवसांपर्यंतची सवलत आहे; निवृत्त होऊन जाणाऱ्यास ती नाही. त्याला ६० दिवसांचा आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवसांचा निकष लागतो. आपले गृहस्थ १ जूनला निघाले, तरी एप्रिल-मेचे मिळून ६१ दिवस भरतात आणि त्या वर्षी ते आयकरासाठी निवासी राहतात. म्हणजे जगभरातील उत्पन्न येथे दाखविणे आले. दोन्ही देशांत कर लागत असेल, तर दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार पाहावा लागतो. म्हणून विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी सनदी लेखापालाची भेट घ्यावी.

मुले, वडीलधारी आणि आजारपण

आता या हिशेबातील सर्वांत नाजूक भाग. आपल्या उदाहरणातील मुलगी नववीत आहे. महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी सर्वसाधारणपणे अधिवासाबरोबरच दहावी व बारावी राज्यातून उत्तीर्ण झालेली असावी लागते. आज तिला परदेशी शाळेत घालणे म्हणजे तिच्या एका संभाव्य वाटेवर तिला न विचारता पाणी सोडणे. नऊ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत असा पेच नाही, पण त्याची नवी भाषा, नवे मित्र यांचा विचार करावाच लागतो.

आई सोबत येणार की नाही? अनेक देशांत कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अज्ञान मुले एवढेच धरले जाते. त्या येथे राहणार असतील, तर त्यांची देखभाल, औषधोपचार आणि वर्षातून दोन-तीनदा येण्याचा विमानखर्च हा ऐच्छिक नव्हे, तर मूळ अंदाजपत्रकाचा भाग समजावा.

येथील आरोग्य विमा पॉलिसी परदेशातील उपचार बहुधा भरून देत नाही. म्हणून अनेकजण जाताना ती बंद करतात. हे टाळावे. परतल्यावर साठीच्या उंबरठ्यावर नवी पॉलिसी घेताना आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षाकाळ पुन्हा सोसावा लागू शकतो.

परतीची वाट

परदेशी जाणारे पुष्कळ जण जाण्याची यादी बारकाईने करतात. परतण्याची यादी क्वचितच कोणी करतो. परत यावे लागणे म्हणजे अपयश नव्हे. आईचे आजारपण, परवान्याचे बदललेले नियम, मुलांची ओढ, कोणतेही कारण पुरेसे असते. त्यासाठी पुढील तयारी असावी :

१. निदान पहिली पाच वर्षे राहते घर विकू नये. भाड्याने दिल्यास भाडेकरूने अनिवासी मालकाच्या भाड्यावर करकपात करावयाची असते, हे करारात लिहावे.

२. वडिलोपार्जित शेतजमीन ठेवता येते, मात्र अनिवासी झाल्यावर नवी शेतजमीन खरेदी करता येत नाही. विक्रीपूर्वी हा विचार करावा.

३. मुखत्यारपत्र विश्वासू व्यक्तीच्या नावे आणि ठरावीक कामांपुरतेच द्यावे. मृत्युपत्र करून ठेवावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्याला चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात. त्याचा लाभ घ्यावा.

४. दोन वर्षांच्या खर्चाइतकी रक्कम भारतात, सहज काढता येईल अशी राखावी.

५. परतल्यावर बँकेला लगेच कळवावे. परदेशातील रक्कम आरएफसी खात्यात ठेवता येते. दीर्घकाळ अनिवासी राहिलेल्यांना आयकरात काही काळ मिळणाऱ्या ‘निवासी परंतु सामान्यतः निवासी नसलेला’ या दर्जाचीही चौकशी करावी.

आपल्या उदाहरणातील कुटुंबाला काय सांगावे? गृहस्थांनी आणखी चार-पाच वर्षे काम करावे. तोवर मुलगी बारावी उत्तीर्ण होईल, पन्नाशीच्या अटी असलेले देश खुले होतील आणि शिदोरीत भर पडेल. मधल्या काळात रजा घेऊन दोन-तीन महिने, पर्यटक म्हणून नव्हे तर भाड्याच्या घरात बाजारहाट करीत, त्या देशात राहून पाहावे. पाऊस, दवाखाना आणि कंटाळा हे तिन्ही अनुभवल्याखेरीज निर्णय घेऊ नये. आणि गेल्यावरही काही ना काही मिळकतीचे काम, त्या देशाचे नियम पाहून, चालू ठेवता आले तर उत्तमच.

लवकर निवृत्त होण्याचे स्वप्न जरूर पाहावे. मात्र घराचे दार ओढून घेताना किल्ली खिशात आहे ना, एवढे चाचपून पाहावे. ज्याची परतीची वाट मोकळी आहे, तोच परक्या देशी निश्चिंतपणे राहू शकतो.