दात खाणारे मूल

मराठीत ‘दात-ओठ खाणे’ म्हणजे अनावर राग येणे. त्यामुळे एखादे मूल करकर दात खाऊ लागले की ते रागीट वा हट्टी आहे, असा समज सहज होतो. ज्या मुलांची शारीरिक वा बौद्धिक वाढ निराळ्या रीतीने होते, त्यांच्यावर या समजाने फार अन्याय होतो.

झोपेत दात खाणे पुष्कळ निरोगी मुलांतही आढळते व वयाबरोबर ते बहुधा आपोआप थांबते. परंतु सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम किंवा स्वमग्नता असलेल्या मुलांत ही सवय अधिक दिसते. त्यांपैकी काही मुले जागेपणीही दात खातात. याची कारणे अनेक असतात: स्नायूंवर पुरेसा ताबा नसणे, झोप वारंवार चाळवणे, टॉन्सिल वाढून श्वास अडणे, पोटातील आम्ल घशाशी येणे, कान वा दाढ दुखणे, मनावरील ताण आणि काही औषधांचा परिणाम. ‘दात खातो म्हणजे जंत झाले,’ असे घरोघरी म्हणतात. पण दात खाणे हा जंतांचा खात्रीचा पुरावा नव्हे.

ज्याला बोलता येते तो ‘कान दुखतो’ म्हणून सांगतो. ज्याला बोलता येत नाही, त्याचे दुखणे कधी कधी दातांच्या आवाजातूनच कळते. म्हणून ही सवय एकाएकी वाढल्यास रागे भरण्याऐवजी कारण शोधावे.

त्यासाठी एक साधी वही पुरे. मूल केव्हा, कोठे व कशानंतर दात खाते, याची दोन आठवडे नोंद ठेवावी. जेवून आडवे होताच आवाज येत असेल, तर आम्लाची शंका घ्यावी. रात्री घोरणेही असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. गोंगाटात आवाज वाढत असेल, तर शांत जागा द्यावी. ही वही डॉक्टरांना फार उपयोगी पडते. निजण्याची वेळ ठरलेली असावी. दिवसा दात खाणाऱ्या मुलाला चघळण्यासाठी सुरक्षित रबरी साधन देता येते.

दातांवरील कठीण कवच एकदा झिजले की पुन्हा येत नाही. दुधाचे दात पडून जातात. परंतु सहाव्या वर्षाच्या सुमारास येऊ लागणारे कायमचे दात जन्मभर पुरवायचे असतात. म्हणून दंतवैद्याची तपासणी टाळू नये. इंदुरात १९६१ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. तेथे दात दाखविता येतात. रात्री दातांवर बसवायचे संरक्षक आवरण मात्र दंतवैद्याच्या सल्ल्यावाचून वापरू नये. फेफरे येणाऱ्या किंवा गिळताना अडचण पडणाऱ्या मुलाच्या घशात ते अडकण्याचा धोका असतो.

विद्यार्थिमित्रांनो, २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्याने अशा मुलांचा सर्वांबरोबर शिकण्याचा हक्क मान्य केला आहे. उद्या तुमच्या शेजारच्या बाकावरून हा करकर आवाज आला, तर हसू नका आणि त्याची नक्कलही करू नका. त्या मुलाला काय होत असेल, हे पाहा आणि गुरुजींना किंवा बाईंना सांगा.