सामना संपल्यानंतरची जोखीम

सातारा-सांगलीच्या मातीला खेळाचा मोठा वारसा आहे. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. गावोगावच्या तालमी आणि कबड्डी मंडळे हा वारसा आजही जपत आहेत. मात्र सामन्यानंतर ढाब्यावर होणारी 'पार्टी' काही मंडळांत रूढ झाली आहे. तिचे परिणाम रात्री रुग्णालयांच्या अपघात विभागात दिसतात. म्हणून या विषयाचे थोडे विवेचन येथे करीत आहोत.

जोखीम कोणाला?

जोखीम केवळ व्यसनी माणसालाच असते, हा गैरसमज आहे. एरवी न पिणारा तरुण एकाच बैठकीत भरपूर पितो, तेव्हाही ती तितकीच खरी असते. एका प्रसंगी ६० ग्रॅम वा अधिक शुद्ध मद्यार्क घेणे, यास जागतिक आरोग्य संघटना अतिमद्यपान मानते. ३० मिलिलिटरच्या एका पेगात सुमारे १० ग्रॅम मद्यार्क असतो. आठ टक्के मद्यार्काच्या बीअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ४० ग्रॅम. म्हणजेच 'फक्त बीअर' म्हणून घेतलेल्या दोन बाटल्या ही मर्यादा ओलांडतात. त्यानंतर दुचाकीला किक मारली जाते, आणि घरी आई-वडील वाट पाहत असतात.

संघाची रीत बदलणे

खेळाडू बहुधा एकटा पीत नाही; संघाबरोबर पितो. म्हणून एकट्याला उपदेश करून भागत नाही, संघाची रीतच बदलावी लागते. ऑस्ट्रेलियात २००० साली सुरू झालेल्या 'गुड स्पोर्ट्स' उपक्रमाने हेच केले. मद्य देणाऱ्यांना प्रशिक्षण, सोबत जेवण, बक्षीस म्हणून मद्य न देणे, घरी पोहोचविण्याची सोय, असे नियम क्लबांनी टप्प्याटप्प्याने स्वीकारले. न्यू साउथ वेल्समधील फुटबॉल क्लबांच्या शास्त्रीय तुलनेत अशा उपायांनी सदस्यांचे जोखमीचे मद्यपान घटल्याचे दिसले.

आपल्या मंडळांत मद्यालय नसते. पण तत्त्व तेच लागू पडते. विजयानंतरचे जेवण मंडळानेच घालावे. मद्यविक्रेत्यांचे प्रायोजकत्व घेऊ नये. परतीच्या प्रवासासाठी न पिणारा चालक आधीच ठरवावा. आणि वस्तादांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट शब्द द्यावा; त्यांचा शब्द तालमीत आजही मोडला जात नाही.

खेळ आणि व्यसनमुक्ती यांचे नाते साताऱ्यास नवे नाही. कबड्डीचे नामवंत खेळाडू आणि व्यवसायाने डॉक्टर असलेले नरेंद्र दाभोलकर यांनीच येथे 'परिवर्तन' ही व्यसनमुक्ती संस्था उभी केली.

कुटुंबीयांना एक सूचना

रोज मोठ्या प्रमाणात पिणाऱ्या व्यक्तीचे मद्य घरच्या घरी एकाएकी बंद करू नये. झटके येणे, भ्रम होणे, असे जिवावर बेतणारे परिणाम संभवतात. आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. व्यसन हा उपचाराने आटोक्यात येणारा आजार आहे, त्यात लाज बाळगण्याचे कारण नाही.

देणगीदार आणि विश्वस्त यांच्यापैकी अनेकजण आपापल्या गावच्या मंडळांचे आश्रयदाते आहेत. पुढील स्पर्धेला देणगी देताना त्यांनी सामन्यानंतरच्या जेवणाचा व प्रवासाचा खर्चही आपल्याकडे घ्यावा, अशी आमची नम्र विनंती आहे. अपघात विभागात होणाऱ्या खर्चाहून तो निश्चितच कमी असेल.