परवानगी टिकत का नाही?

शाळेच्या संगणकावर लिनक्स आहे. विज्ञानाच्या तासाला गुरुजी आर्डुइनोचा छोटा बोर्ड जोडतात, तर पडद्यावर उत्तर येतं: परवानगी नाही. मग कुणी जाणता ‘चमॉड’ हा हुकूम देतो आणि काम सुरू होतं. दुसऱ्या दिवशी बोर्ड पुन्हा जोडला की तीच रड! तुम्ही म्हणाल, संगणक विसरभोळा आहे. तसं नाही, मंडळी.

लिनक्समध्ये बहुतेक उपकरणांसाठी ‘डेव्ह’ या कप्प्यात एकेक फाइल असते. पण ती डिस्कवर जपून ठेवलेली नसते. उपकरण काढलं की ती नाहीशी होते, जोडलं की नवी तयार होते. आठवडी बाजारात खडूनं आखलेली दुकानाची रेघ पुढच्या बाजाराला राहते का? जागा कायमची हवी, तर नोंद चावडीच्या वहीतच व्हायला हवी.

इथला वहीवाला म्हणजे ‘यूडेव्ह’. नवी फाइल होताच तो आपले नियम वाचतो आणि मालक, गट व परवानगी ठरवतो. म्हणून चमॉडनं केलेला बदल फार तर उपकरण काढीपर्यंत टिकतो.

मग उपाय काय? आधी फाइलीचा गट पाहा. डेबियन व उबुंटूवर अशा बोर्डाचा गट बहुधा ‘डायलआउट’ असतो. वापरणाऱ्याचं नाव त्या गटात घाला. मात्र त्याचे जुने गट सुटू देऊ नका. मग त्यानं एकदा बाहेर पडून पुन्हा आत यावं. पुष्कळदा एवढ्यानंच भागतं.

नाही भागलं, तर ‘ईटीसी’ कप्प्यातल्या यूडेव्हच्या नियमांत आपली फाइल ठेवा. तिच्या नावाचा शेवट ‘डॉट रूल्स’ असाच हवा. बोर्ड त्याच्या उत्पादक-क्रमांकानं आणि वस्तू-क्रमांकानं ओळखवा, गट सांगा आणि परवानगी 0660 लिहा. नंतर यूडेव्हला नियम पुन्हा वाचायला लावा आणि बोर्ड काढून परत जोडा.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. कंटाळून ‘डेव्ह’मधल्या सगळ्या फाइली सर्वांना खुल्या करू नका. डिस्कचीही फाइल तिथंच असते. ती खुली झाली, तर एखाद्या मुलाच्या चुकीच्या हुकुमानं वर्षभराचे निकाल पुसले जातील. परवानगी द्यावी ती ज्याला हवी त्याला, आणि हवी तेवढीच.