मिरची परकी, मीही परका!

पुण्याहून बदली होऊन वसईस आलो, तेव्हा मी अगदीच उपरा. शेजारच्या ख्रिस्ती मावशींची सामवेदी बोली मराठीच, पण निम्मी डोक्यावरून जाई! पहिल्याच दिवाळीला घरच्या आठवणीने मन उदास झाले होते. तोच मावशी राजेळी केळ्यांची सुकेळी घेऊन आल्या. सौभाग्यवतीने कॉफी नि चकली पुढे केली.

"तिखट आहे हो!" मावशी हसल्या.

मनात आले, ही मिरची मूळची मेक्सिकोची. पोर्तुगीजांनी इकडे आणलेली. वसईवरची त्यांची सत्ता १७३९ साली संपली, मिरची मात्र राहिली. तिला आज कोण परकी म्हणते? मग, वाचकहो, मीच का उपरा राहावे?

मावशींच्या कपात आणखी कॉफी ओतली नि म्हटले, "आता तुमची बोली शिकवा!"