‘कच्चा माल’ : एका संज्ञेची अडचण

नियोजनविषयक लेखनात शेती व उद्योग यांच्या समतोलाची चर्चा बहुधा खर्चाच्या वाट्यावरून केली जाते. पहिल्या पंचवार्षिक योजनेने (१९५१-५६) शेती व पाटबंधारे यांना अग्रस्थान दिले. दुसरीने (१९५६-६१) महालनोबिस यांच्या मांडणीनुसार अवजड उद्योगांना. दुसरी कसोटी भावांची. सोविएत रशियात १९२३ साली कारखानी मालाचे भाव चढत आणि शेतमालाचे उतरत गेले, तेव्हा आलेखातील त्या दोन रेषांना ‘कात्री’ हे नाव पडले.

यवतमाळ जिल्ह्याकडे पाहिले म्हणजे या दोन्ही कसोट्या अपुऱ्या वाटू लागतात. येथील बोलीत उभे पीक ही पऱ्हाटी, वेचला की तो कापूस, सरकी काढली की रुई, दाबून बांधली की गाठ. प्रत्येक पायरीला स्वतंत्र नाव आहे, कारण प्रत्येक पायरीवर मोल बदलते आणि बहुधा मालकही. ‘कच्चा माल’ या संज्ञेत या साऱ्या पायऱ्या बुडून जातात. गिरणीच्या दारात उभे राहून केलेली ही संज्ञा होय; पिकविणाऱ्याच्या लेखी कापूस हा वर्षभराच्या श्रमाचा तयार माल असतो.

१९७२ साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. तत्कालीन मुख्यमंत्री वसंतराव नाईक याच जिल्ह्यातील, पुसद भागातले. व्यापाऱ्यास वगळून शासनाने हमी दराने कापूस घ्यावयाचा, गाठी विकावयाच्या आणि नफा उरल्यास उत्पादकास द्यावयाचा, असे तिचे स्वरूप होते. कात्री मिटविण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता. मात्र शासनाचा दर चढा असला की परराज्यातील कापूस इकडे येई, उतरता असला की इकडचा तिकडे जाई. योजना तोट्यात गेली, एवढेच सहसा सांगितले जाते. माझ्या मते मूळ उणीव निराळी होती : योजनेने भाव हाती घेतला, पण ती गाठीपाशी थांबली. सूत, कापड, रंगाई या पुढील पायऱ्यांचे मोल व रोजगार बहुतांशी जिल्ह्याबाहेरच राहिले. काही सहकारी सूतगिरण्या निघाल्या, तरी कापसाच्या मानाने त्या थोड्याच. ब्रिटिश आमदानीत यवतमाळ-मूर्तिजापूर हा अरुंद लोहमार्ग कापूस बाहेर नेण्यासाठीच घातला गेला होता. शासनाच्या गाठीही बाहेरच गेल्या.

वणीच्या कोळशाची गोष्ट याहून विलक्षण. तोही जसाच्या तसा बाहेर जातो, पण खाणकामाची गणना उद्योगात होत असल्याने त्यास ‘कच्चा’ म्हणून कोणी उणे लेखत नाही. म्हणून जिल्ह्याच्या आकड्यांत उद्योगाचा वाटा वाढलेला दिसला, तर त्यातील कोळशाचा भाग वेगळा काढून मगच तो वाचला पाहिजे.