नुसत्या गोड रसावर भागतं तरी कसं?

जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यापाशी, पानाच्या बेचक्यात कापसाचे पुंजके चिकटल्यासारखे दिसले, तर हात लावण्याआधी भिंग आणा. पांढऱ्या भुकटीखाली जेमतेम तीन मिलिमीटरचे, लंबुळके, गुलाबीसर किडे दिसतील. हे पिठ्या ढेकूण! ती भुकटी म्हणजे त्यांच्याच अंगातून पाझरलेलं मेण. औषध फवारलं तरी त्यावरून ओघळून जातं.

ते फारसे हलत नाहीत, कारण तोंड कामात आहे. केसाहून बारीक सोंड सालीतून आत, पार अन्नरसाच्या नळ्यांपर्यंत खुपसलेली असते. पानांनी बनवलेली साखर याच नळ्यांतून झाडभर फिरते. रस दाबाखाली असतो, म्हणून तो ओढायला फार कष्टही पडत नाहीत.

मजा आहे की! पण थांबा. त्या रसात साखर भरपूर. प्रथिनं बनवायला लागणारी अमिनो आम्लं मात्र अगदी थोडी. मग अंग वाढायचं कशावर?

एक तर हे पठ्ठे रस ढोसतच राहतात आणि जास्तीची साखर मागून थेंबाथेंबाने टाकून देतात. खालची पानं चिकट होतात, त्यावर काळी बुरशी चढते. द्राक्षाच्या घडाचं असं झालं, की नाशिक-सांगलीच्या बागायतदाराचं मोठं नुकसान. मुंग्यांची मात्र चंगळ! गोड थेंबांसाठी त्या पिठ्या ढेकणांच्या शत्रूंना हुसकावून लावतात.

खरी गंमत पोटात आहे. लिंबू-संत्र्यावरच्या पिठ्या ढेकणाच्या खास पेशींत जीवाणू राहतात आणि त्या जीवाणूंच्या आत आणखी दुसरे जीवाणू! हे 2001 साली शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं. कमी पडणारी अमिनो आम्लं तिघं मिळून बनवतात. काही पायऱ्या एक जीवाणू करतो, काही दुसरा, उरलेल्या किडा स्वतः. कीटकांच्या दुनियेत याहून भन्नाट बिऱ्हाड मला तरी माहीत नाही.

आता पाण्याचा फवारा मारून फांदी धुवायची असेल, तर आधी नीट बघा. त्या गर्दीत एखादा मोठा, लांब पांढऱ्या झिपऱ्यांचा आणि तुरुतुरु पळणारा दिसतोय? ती क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची अळी असू शकते. हा ढालकिडा 1898 साली ऑस्ट्रेलियातून मुद्दाम भारतात आणला होता. मेण पांघरलेली त्याची अळी पिठ्या ढेकणांतच वावरते आणि त्यांची अंडी-पिल्लं फस्त करते. ती दिसली, तर फवारा राहू द्या.